आठवी आसरा: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या ‘आठवी आसरा’ या पुस्तकमालिकेबद्दल पत्रांतून, निरोपांतून आणि शाळांमध्ये वर झालेल्या हातांतून मला बहुतेक तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथं एका ठिकाणी ठेवली आहेत. मुलांना ‘तू’ म्हटलंय, मोठ्यांना ‘तुम्ही’. तिसरा भाग अजून वाचला नसेल तर हुसेनचाचांबद्दलचा प्रश्न सोडून पुढं जा. नंतर रडत येऊ नका.

ही मालिका आहे तरी कशाबद्दल?

भागी बारा वर्षांची आहे. हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं, तिचा बाप होडीतून माणसं या तीरावरून त्या तीरावर नेतो. एका दुष्काळी उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं आणि वाळूतून एका गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर येते. गलबत समुद्रातलं, लाकडाला शिंपले चिकटलेले. ते इतक्या आत आलं कसं, हे शोधण्यात चार भाग गेले आहेत. भागीसोबत तिघं आहेत. तेलंगणातून आलेल्या विणकराचा पोरगा नरसू, ज्याला पाण्याची धडकी भरते. दाभोळचे म्हातारे हुसेन तांडेल, म्हणजे गलबत चालवणारे. आणि जिला कुणी नाव दिलेलं नाही ती आठवी. आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या बहिणी, सातच असतात हे आपल्याकडं विहिरीवर पाणी शेंदलेल्या कुठल्याही आजीला माहीत आहे. मग आठवी कुठून आली, ते इथं सांगणार नाही.

काळ साधारण आंगऱ्यांचा आहे. साल मुद्दाम लिहिलेलं नाही.

सोलापुरात बसून समुद्राची गोष्ट? इथं तर प्यायच्या पाण्याची बोंब!

हा प्रश्न पहिल्या पुस्तकापासून येतोय आणि विचारणारा दर वेळी हसत असतो. हसा. पण जरा नकाशा काढा.

सोलापूरहून नाकासमोर पश्चिमेला चालत सुटलात तर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर दाभोळच्या आसपास समुद्रात पाय बुडतील. दाभोळ हे बहमनी राज्याचं मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १५व्या शतकात चौलला उतरला, जुन्नरवरून बिदरला गेला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. बिदर आपल्यापासून किती लांब आहे ते सांगायला नको. अरबी घोडे समुद्रातून येत आणि घाट चढून याच पठारावर विकले जात.

त्याच्याही आधीचं बघायचं तर धाराशिवच्या पुढचं तेर घ्या. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका दर्यावर्दी माहितीपुस्तकात तगरचं नाव आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून आडवाटेनं भडोचला जायचं आणि तिथून गलबतात. तेरच्या संग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा आणि हस्तिदंताची एक छोटी बाई बघायला मिळते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कुणीतरी विणलेलं कापड तांबड्या समुद्रापर्यंत पोचत होतं. विणणाऱ्यानं समुद्र पाहिला नसेल, पण समुद्राचा धंदा त्याच्या मागावर येऊन बसला होता.

आणि मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट भीमेची. ती भीमाशंकरला उगवते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही. तरी ही बया पाठ फिरवून पूर्वेला चालू लागते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते, कुडलला सीनेला पोटात घेते, रायचूरच्या बाजूला कृष्णेत मिसळते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या अंगणात पडलेल्या पावसाचा समुद्र कोकणातला नाहीच, तो पूर्वेचा आहे! हे कळलं त्या दिवशी पहिल्या भागाचा सांगाडा तयार झाला. मराठी मुलांच्या समुद्रकथा आपसूक पश्चिमेला तोंड करून उभ्या राहतात. भागीचं गलबत पूर्वेला बाहेर पडतं.

शिवाय सोलापूरच्या माणसांनी समुद्र ओलांडलेला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून बोटीनं चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले.

कोणत्या क्रमानं वाचायची?

कुडलचा दगड, खारं पाणी, गिऱ्ह्याचं बेट, उधाण. याच क्रमानं. मधूनच ‘उधाण’ उचललंत तर आठवी कोण हे पहिल्या पानावर कळेल आणि मागच्या तीन पुस्तकांतली मजा जाईल.

किती वर्षांच्या मुलांसाठी आहे?

पुस्तकावर ‘९ ते १४’ छापलंय, कारण दुकानदाराला पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळायला हवं. आठ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवलंत तर चालेल. साठीच्या बायकांचीही पत्रं येतात. त्या भागीबद्दल विचारत नाहीत, हुसेनचाचांबद्दल विचारतात.

काकू, आसरा खरंच असतात का?

तुझ्या गावाबाहेरच्या विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात गोटे बघ. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, कधी दहीभात. ते ज्यांनी ठेवलं त्यांच्यासाठी आसरा आहेत. पाण्यात राहणाऱ्या या सात बहिणी, साती आसरा. जुन्या पोथ्यांमध्ये त्यांची नावंही सापडतात: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी, आणखी दोन. मासळी, कासवीण, खेकडीण, बेडकीण, मगरीण! एवढा माल घरात असताना बाहेरून जलपरी कशाला आणू? आपल्या बायका शेकडो वर्षं पाण्याच्या काठी बसून काय काय कल्पना करत आल्या आहेत, ते आधी बघावं असं मला वाटतं.

पुस्तकातल्या आसरा मात्र माझ्या आहेत. त्या अशा बोलतात, असं भांडतात, हे कुठल्या पोथीत शोधू नकोस. आणि विहिरीवरच्या गोट्यांना हात लावून ‘आठवी कुठाय’ असं ओरडूही नकोस. एका गावातून तशी तक्रार आलेली आहे.

पाताळवाट उघडली की विहीर का आटते?

कारण जादू फुकट मिळाली की गोष्ट मरते.

या मालिकेत जादू एकच आहे. आसरा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात वाट उघडू शकते. बारवेतून खाडीत, तळ्यातून समुद्रात. भीमेतून गलबत खाली जाणं तसं शक्यच नाही, खडक आहेत, उथळ पात्र आहे, उन्हाळ्यात तर वाळूच. म्हणून पाताळवाट. पण प्रत्येक वेळी वाट उघडली की इकडं कुठली तरी एक विहीर वर्षभर कोरडी पडते. कुठली, ते आधी कळत नाही. भागीला घरी परतायचंय, आणि परतायचं तर कुणाच्या तरी घरचं पाणी जाणार.

कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या लेखकानं ही अट घातली असती की नाही, माहीत नाही. ज्या जिल्ह्यात १९७२ अजून घराघरांत सांगितलं जातं, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ही गोष्ट पाळण्यापासून ऐकवली जाते, तिथं पाण्याची किंमत समजावून सांगायला पानं खर्च करावी लागत नाहीत. मुलांना एका ओळीत कळतं. चौथीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘भागीनं कुडलला राहावं, आमच्या विहिरीला धक्का लावू नये.’ तिच्याशी वाद घालायला मला अजून जमलेलं नाही.

बाकी सगळं खरं आहे का?

समुद्र खरा आहे. वारा, भरती, तारे, गलबत, त्यावरची कामं यांत मी हात घालत नाही. वारा नैर्ऋत्येचा असेल तर आसरा आली म्हणून तो फिरत नाही. एक खोटं पचवायला वाचकाला बाकीची जमीन पक्की लागते, असं मी मानते. काही जणांना हे फार कडक वाटतं.

तसं गलबत खरंच असायचं का?

हो. मराठ्यांच्या आरमारात मोठी ती गुराब, तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या आणि नाळेवरून पुढं तोंड केलेल्या तोफा. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतलं, हलकं आणि चपळ. शीड असायचंच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठ्या जहाजांचा खोळंबा व्हायचा, तेव्हा गलबतं वल्ही मारत सुटायची आणि दोर बांधून गुराबेलाही ओढून न्यायची. तळ उथळ असल्यामुळं ती खाडीत आत घुसत, तिथं परदेशी जहाजांना मागं येता येत नसे.

भागीचं गलबत ‘जोडकाठी’ हे असंच, पण लहानातलं लहान. चौघांनी पन्नास वल्ही कशी मारायची, हा प्रश्न बरोबर आहे. नाहीच मारता येत. म्हणून दुसऱ्या भागात वारा पडल्यावर ते अडकतात, आणि तिथून पुढं सगळं बिघडतं.

तळ उथळ असण्याचा आणखी एक उपयोग झाला. पूर्वेकडून पश्चिमेला यायचं तर मोठी जहाजं आजही श्रीलंकेला वळसा घालतात, कारण रामसेतूपाशी पाणी फारच कमी. लहान होड्यांना पांबनजवळून निघता येतं. ‘खारं पाणी’मधला शेवटचा पाठलाग तिथला आहे.

लाकडाचं म्हणाल तर समुद्रात एक किडा असतो, तो लाकूड आतून पोखरून भुसा करतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. जुने तांडेल म्हणूनच जहाज अधूनमधून नदीच्या मुखात नेऊन उभं करत. जोडकाठी इतकी वर्षं भीमेच्या वाळूत शाबूत का राहिली, त्याचं अर्धं उत्तर हे. अर्धं तिसऱ्या भागात.

‘जोडकाठी’ हे नाव कसं सुचलं?

दोन डोलकाठ्या आहेत म्हणून. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या खांद्यावर तोलत नेणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत, त्याला आणखी काही सांगायची गरज नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळणे आणि खेळणी बघायला जाणाऱ्यांनी एकदा मिरवणुकीत काठी पेलणाऱ्याच्या पायांकडं बघावं. हलत्या गलबतावर खलाशी उभा राहतो तो असाच.

शीड सोलापुरी चादरीचं का नाही?

प्रत्येक शाळेत हे विचारतात, मग माझा बिचारीचा चेहरा होतो. ज्या मागावर आपली नक्षीची चादर निघते, त्या जॅकार्ड यंत्राचा शोध फ्रान्समध्ये १९व्या शतकाच्या सुरुवातीला लागला. भागी त्याच्या आधीची आहे. शिवाय चादर भिजली की कसली जड होते ते धुणाऱ्याला विचार. तसलं शीड वाऱ्यावर चढवलं तर डोलकाठी मोडेल. नरसू जे विणतो ते साधं, घट्ट, जाड सुती कापड.

पण चादरीची इच्छा मी दुसऱ्या मार्गानं पुरवली आहे. विणकाम करताना धागा तुटला की विणकर एका विशिष्ट गाठीनं तो जोडतात. गाठ अगदी बारीक, फणीतून अडखळल्याशिवाय जाणारी. खलाशी दोन दोर एकमेकांना जोडायला जी गाठ मारतात, तिची बांधणी आणि या गाठीची बांधणी एकच आहे. मला हे कळलं तेव्हा नरसू पुस्तकात आला. तोवर तो नव्हताच, भागीसोबत तिचा धाकटा भाऊ होता आणि तो काही केल्या जिवंत होत नव्हता. पहिल्या वादळात हुसेनचाचा ओरडतात, ‘दोर जोड!’ आणि पोहता न येणारा, उलट्या करून अर्धमेला झालेला नरसू डोळे मिटून घरच्या सवयीनं गाठ मारतो. ती सुटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत माग चालायचे किंवा अजून चालतात, तिथल्या मुलांना हे प्रकरण तोंडपाठ असतं. एका आजोबांनी ती गाठ मला करून दाखवली, मी बघते न बघते तोच झाली होती.

भरतीची वेळ हुसेनचाचा बोटांवर कशी काढतात?

तिथीची पाऊणपट. कोकणात हा हिशोब पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती पाऊण तासाहून थोडी उशिरा येते आणि पाऊणपटीचं कोडं जुळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला चढउतार सगळ्यात मोठा, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला सगळ्यात कमी, तो भांग.

कॅलेंडर काढ आणि करून बघ. पण लक्षात ठेव, हा हिशोब पश्चिम किनाऱ्याचा, त्यातही मुंबई-रायगडकडं नीट जुळणारा. पहिल्या भागात कृष्णेच्या मुखाशी हुसेनचाचांचा हिशोब चुकतो आणि गलबत चिखलात रुततं. चाचा आयुष्यभर पश्चिमेला राहिलेले, त्यांना वाटतं समुद्र सगळीकडं सारखाच. एका वाचकानं कळवलं की लेखिकेचं गणित कच्चं आहे. लेखिकेचं नाही, चाचांचं.

ताऱ्यांवरून वाट काढणं जमण्यासारखं आहे का? मला शिकायचंय.

एवढं तुला आजच जमेल. गच्चीवर जा, उत्तरेला ध्रुव शोध. हात पूर्ण लांब करून मूठ धरलीस की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. सोलापुरातून ध्रुव क्षितिजाच्या वर सुमारे साडेसतरा अंशांवर दिसतो, म्हणजे पावणेदोन मुठी. आपण पृथ्वीवर जितके अंश उत्तरेला, तितकाच ध्रुव वर. कन्याकुमारीला गेलास तर तो आठ अंशांवर उतरलेला दिसेल, मूठभरही नाही.

अरब खलाशी यासाठी ‘कमाल’ नावाचं साधन वापरत. लाकडाची एक छोटी चौकोनी फळी, मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ध्रुवाला भिडते का बघायचं. एकेका बंदरासाठी एकेक गाठ. दाभोळची गाठ सोलापूरलाही जवळपास चालते, कारण दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. ‘गिऱ्ह्याचं बेट’मध्ये भागीला घरची दिशा अशीच सापडते: ती दाभोळची गाठ दातात धरते आणि म्हणते, ‘आता नुस्तं उगवतीकडं चालायचं.’

पुठ्ठ्याचं कमाल बनवता येतं. शहरातल्या दिव्यांमुळं ध्रुव फिकट दिसतो, हिप्परगा तलावाच्या बाजूला किंवा गावाकडं गेलास तर बरं. मोठ्या माणसाला सोबत घे.

गलबतावर शेंगाचटणी का नाही? सोलापूरचं पुस्तक आहे ना?

या एका मुद्द्यावर मला जितकं ऐकून घ्यावं लागलंय तितकं गिऱ्ह्याच्या भुतावरूनही नाही. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या पठारावर त्याचं पीक पसरलं ते फार उशिरा, भागीच्या काळानंतर. म्हणून तिच्या गाठोड्यात जवसाची आणि कारळ्याची चटणी आहे. कडक भाकरी मात्र आहे, आणि ती मुद्दाम आहे. ज्वारीची पातळ, कडकडीत वाळवलेली भाकरी आठवडे टिकते. दूरच्या प्रवासाला यापेक्षा चांगली शिदोरी कुठली? दुसऱ्या भागात त्याच भाकरीवर ते तग धरतात. सोबत लिंबाचं लोणचं आहे. ताजं काही न खाता महिनोन्महिने समुद्रात राहिलं की हिरड्यांतून रक्त यायला लागतं आणि माणसं मरतात, हे जगभरच्या खलाशांनी सोसलेलं आहे.

माणसं असं का बोलतात? ‘बे’ शोभतं का पुस्तकात?

‘काय बे नरसू, मरतो का आता?’ हे भागीचं वाक्य एका शिक्षकांनी लाल शाईनं अधोरेखित करून पाठवलं होतं. सर, ती कुडलची आहे. संकटात तिनं ‘अरे नरसिंहा, सांभाळ’ म्हणावं ही अपेक्षा तिच्याकडून नको. नरसू घरी आईशी तेलुगू बोलतो, भागीला कानडी समजतं, चाचांची बोली दाभोळची, आणि भांडताना सगळे मिळून जे बोलतात ते सोलापुरी. विजापूर वेशीपासून पूर्व भागापर्यंत एक फेरी मारलीत तर कानांवर हेच पडेल. मी त्यात थोडी इस्त्री केली आहे, सांगून ठेवते.

कान्होजी आंगरे गोष्टीत येतात का?

लांबून. एकदा त्यांची गुराब क्षितिजावर दिसते आणि जाते. ते खरे होऊन गेले, १७२९ मध्ये वारले, त्यांच्या तोंडी मनाची वाक्यं घालायची मला हिंमत होत नाही. मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग यांची नावं चाचांच्या आठवणींत येतात. खांदेरीची १६७९ची लढाई चाचांच्या आज्यानं पाहिली होती. ऐकणाऱ्यांपैकी नरसूच तेवढा विश्वास ठेवतो.

माझा मुलगा ‘गिऱ्ह्याचं बेट’ वाचून रात्री दिवा चालू ठेवतो. इतकं भीतिदायक का?

गिऱ्हा कोकणातलं पाण्यातलं भूत. माणसाला भुलवतं आणि खोल पाण्यात ओढून नेतं. अशी भुतं लोकांनी का निर्माण केली असतील? मुलांनी खाडीत, डोहात एकटं उतरू नये म्हणून, असा माझा कयास आहे. मी त्याला घाबरवणारंच ठेवलं. तिसरं प्रकरण दिवसा वाचायला सांगा. दिवा चालू राहिला तरी बिघडत नाही, वाचून झालेल्या पुस्तकाची आठवण आहे ती.

हुसेनचाचांना का मारलंत?

त्यांनी स्वतः ठरवलं. पाताळवाटेला शेवटची विहीर कुणाची लागणार हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ती वाट बंद केली. मी दुसरा शेवट लिहून पाहिला. त्यात चाचा परत दाभोळला जाऊन नातवंडांना गोष्टी सांगत बसतात. छान होता, पण चाचा त्यात दिसत नव्हते, त्यांच्या जागी कुणी तरी गोड म्हातारा बसला होता. शिव्यांची पत्रं मी जपून ठेवली आहेत.

‘उधाण’मध्ये दोन महिने गलबत हलतच नाही. कंटाळा आला.

आषाढ-श्रावणात पश्चिम किनाऱ्यावर शिडाची गलबतं हलत नसत. वर ओढून, झापांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या उघडायचा. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत चौघांची, म्हणजे तिघांची, जी भांडणं होतात ती मला स्वतःला चारही पुस्तकांत सगळ्यात जास्त आवडतात. तुला पुन्हा वाचून बघावंसं वाटलं तर बघ, नाहीतर थेट नारळी पौर्णिमेच्या प्रकरणावर ये.

कुडलचा दगड खरंच आहे? बघायला मिळेल?

मिळेल, आणि जरूर जा. दक्षिण सोलापूर तालुक्यात, संगमावर, संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होइवा’, जो वाचेल तो विजयी होईल, असं त्यात कोरलेलं आहे. शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंगही तिथं आहे. मुलांच्या साहसकथेला याहून चांगला सांकेतिक संदेश मी जन्मात रचू शकले नसते, हजार वर्षांपूर्वी कुणी तरी तो माझ्यासाठी कोरून ठेवला होता.

अलिबागजवळच्या अक्षी गावातला शिलालेख शके ९३४ चा मानतात, त्याच्या वाचनावरून अभ्यासकांत वाद आहेत. पण बघा, मराठीचे सगळ्यात जुने दगड शोधायला गेलं तर एक समुद्राच्या काठी सापडतो आणि एक आपल्या नदीच्या काठी. या दोन दगडांमध्ये भागीचा सगळा प्रवास बसवला आहे. पुस्तकात दगडाच्या मागं एक आसरा कोरलेली आहे. खऱ्या दगडाच्या मागं नाही. कृपा करून तो हलवून बघायचा प्रयत्न करू नका, खडूनं अक्षरं गिरवू नका, पाणी ओतू नका.

भागीसारखं नदीत सूर मारावा वाटतो.

नको. भागीच्या काळची भीमा वेगळी होती. आता वाळू उपशानं पात्रात खोल खड्डे पडलेले असतात आणि वरून पाणी सारखंच दिसतं. धरणातून पाणी सोडलं की काही तासांत नदी बदलते. पोहायला तलावावर, शिकवणाऱ्यासमोर शीक. नरसूही चौथ्या भागात शिकतो आणि तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरट आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवलं तर चालेल?

चालेल. तिकीट लावणार नसाल तर परवानगी मागत बसू नका. आठवीचं काम करणाऱ्या मुलीला निळा रंग फासू नका एवढंच. ती विहिरीच्या पाण्याच्या रंगाची आहे, म्हणजे काळी.

सिनेमा, ऑडिओबुक, इंग्रजी अनुवाद?

सिनेमा नाही. ऑडिओबुकचं बोलणं सुरू आहे, चाचांचा आवाज सापडत नाही. तेलुगू आणि कानडीत व्हावं अशी माझी इच्छा इंग्रजीपेक्षा जास्त आहे.

मलाही अशी गोष्ट लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुझ्या गावाचं पाणी कुठं जातं ते शोध. ओढा, नदी, मोठी नदी, समुद्र, सगळी नावं एका कागदावर लिही. वाटेतल्या गावांत काय पिकतं, कुठली भाषा बोलतात, कुठला देव आहे, विचारत जा. ‘एका दूरच्या बेटावर’ नं सुरुवात करू नकोस, ते बेट तू पाहिलेलं नाहीस आणि ज्याचं वाचून लिहिशील त्यानंही पाहिलेलं नसेल. पहिलं प्रकरण तुझ्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी घडू दे. बाकी मग कुठंही जा, चंद्रावर गेलास तरी चालेल.

पाचवा भाग कधी?

लिहिते आहे. ‘लवकर’ असं मी आधी एकदा म्हटलं होतं, तेव्हापासून ते शब्द मुलं मला परत ऐकवतात, म्हणून आता काही म्हणत नाही. एवढं सांगते की नरसूचा माग गलबतावर चढतो.

जोडकाठीवर मांजर का नाही? सगळ्या जहाजांवर असतं.

आहे की. दुसऱ्या भागापासून आहे, कोठीत भाकरीच्या पोत्यावर झोपलेलं असतं आणि कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. चित्रकारानं ते दोन चित्रांत काढलंय, एकात फक्त शेपूट आहे. शोध.